वसईचा किल्ला कोणीं वांचवला?

पेन्शनींत निघालेल्या शिक्षकाच्या परीक्षा संपल्या असें लोक समजतात. तें खरें नव्हे. पूर्वीं शाळा तपासावयास येणारे अधिकारी वर्षांतून एकदां येत आणि चहा घेऊन परत जात; आतां नातवंडें सुटींत येतात आणि महिनाभर मुक्काम करतात. ज्यांच्या घरीं हा अनुभव आहे, त्या वाचकांस अधिक सांगणें नलगे.

गेल्या मे महिन्यांत आमची नात ठाण्याहून आमच्याकडे वसईस आली होती. मुलगी सातवींत गेलेली. बरोबर एक वही आणि त्या वहीवर 'आपल्या परिसरांतील एक ऐतिहासिक वास्तु' असा शाळेनें घालून दिलेला विषय. वसईंत राहून दुसरी वास्तु कोठें शोधावयाची? ऊन चढण्यापूर्वीं आम्ही तिला घेऊन किल्ल्यांत गेलों. जन्मभर वर्गांत सांगितलेली कथा पुन्हां एकदां सांगावयास मिळाली, म्हणून आमचाही उत्साह दुणावला होता. चिमाजी आप्पांचा वेढा, एकामागून एक उडालेले सुरुंग, ढासळलेला बुरूज, खिंडारांतून आंत शिरलेलें मराठी सैन्य, सर्व कांहीं आम्हीं रंगवून सांगितलें. तिनें तें निमूटपणें लिहून घेतलें आणि शेवटीं पेन्सिल थांबवून विचारलें, "आजोबा, किल्ला जिंकला कोणीं तें कळलें. पण वांचवला कोणीं?"

"वांचवला म्हणजे?"

"म्हणजे इतकीं वर्षें तो कोणी पाडला कसा नाहीं? आमच्या समोरची इमारत चाळीसच वर्षांची होती. ती गेल्या वर्षीं पाडली."

पस्तीस वर्षें इतिहास आणि संस्कृत शिकवूनही या प्रश्नाचें उत्तर आमच्यापाशीं तयार नव्हतें. "घरीं गेल्यावर सांगतों," असें म्हणून आम्हीं वेळ मारून नेली. शिक्षकांना ही युक्ति चांगली साधते.

संस्कृतांत 'योगक्षेम' असा एक जोडशब्द आहे. नित्याच्या बोलण्यांत आपण तो 'चरितार्थ' या अर्थानें वापरतों; परंतु त्याची मूळची फोड मोठी मार्मिक आहे. न मिळालेलें मिळवणें तो योग, आणि मिळालेलें राखणें तो क्षेम. आमच्या इतिहासाच्या पुस्तकांत योगाचीं प्रकरणें पुष्कळ आहेत. कोणत्या सालीं कोणीं काय घेतलें, हें मुलांना पाठ असतें. घेतलेलें पुढें कोणीं सांभाळलें, याचें प्रकरण बहुधा नसतेंच. मुलीनें नेमकें तें गाळलेलें प्रकरण मागितलें होतें.

वसईचा पूर्वेतिहास वाचकांस सामान्यतः ठाऊक आहे, म्हणून तो थोडक्यांत सांगतों. १५३४ सालीं गुजराथचा सुलतान बहादूरशहा यानें वसई पोर्तुगिजांस तोडून दिली. त्यांनीं खाडीच्या मुखाशीं सुमारें ११० एकर जागेला दगडी तट घातला, एक दरवाजा समुद्राच्या बाजूला आणि एक जमिनीच्या बाजूला ठेवला, आणि आंत एक शहरच वसवलें. चर्चें, मठ, कचेऱ्या, तुरुंग, धनिकांचीं दुमजली घरें असा तो सगळा थाट होता. गोव्याच्या खालोखाल मान असलेल्या त्यांच्या 'उत्तर प्रांता'ची ही राजधानी. येथील दगडाची कीर्ति एवढी कीं, जुन्या गोव्यांतील बॉम जेझूस चर्चच्या दर्शनी भागाला लागलेला काळा दगड वसईहून नेला गेला. जपानांत १५९७ सालीं क्रूसावर चढवले गेलेले संत गोन्सालो गार्सिया हे याच वसईचे. दोनशें वर्षें हें वैभव टिकलें. त्याच वैभवाच्या सावलींत येथल्या रयतेनें धर्माच्या बाबतींत जें सोसलें, तेंही विसरतां येत नाहीं. १७३७ सालीं मराठ्यांची मोहीम सुरू झाली. १७३९ च्या फेब्रुवारींत खुद्द वसईला वेढा पडला आणि मे महिन्यांत सेंट सेबास्टियन बुरुजाला खिंडार पडून किल्ला चिमाजी आप्पांच्या हातीं आला.

किल्ल्याच्या जिवावरचा पहिला प्रसंग हाच. दोन वर्षांच्या मोहिमेंत ज्यांचीं हजारों माणसें कामास आलीं, त्या विजयी सैन्याच्या मनांत त्या दगडांविषयीं प्रेम असण्याचें कारण नव्हतें. सर्व जमीनदोस्त करण्याची आज्ञा झाली असती, तरी त्या काळच्या रीतीस धरून त्यांत नवल नव्हतें. तसें झालें नाहीं. शरण आलेल्या शिबंदीला शस्त्रांसह मानानें बाहेर जाऊं दिलें गेलें आणि मागें राहणाऱ्या ख्रिस्ती रयतेला आपला धर्म पाळण्याची मोकळीक दिली गेली. शंकराजी केशव फडके यांच्याकडे वसईची सरसुभेदारी आली. स्थळाचें नांव बाजीपूर ठेवण्यांत आलें; परंतु लोकांच्या तोंडीं वसईच राहिली.

तट मात्र राखला गेला. तो मायेपोटीं राखला असें आम्ही म्हणणार नाहीं; तो उपयोगाचा होता म्हणून राखला. पोर्तुगीज पुन्हां समुद्रावरून येतील, इंग्रज मुंबईहून येतील, ही भीति खरी होती, आणि तयार तट पाडून नवा बांधण्याइतके पेशव्यांचे कारभारी अव्यवहारी नव्हते. आंतील चर्चांचा त्यांना उपयोग नव्हता, म्हणून तीं हळूहळू ओस पडलीं. त्यांच्या मनोऱ्यांवरील घंटांचें उदाहरण येथें देण्यासारखें आहे. चर्चची घंटा म्हणजे तोफ ओतण्यास तयार धातु. युरोपांत युद्धाच्या काळीं किती घंटा भट्टींत गेल्या याची गणती नाहीं. वसईच्या कांहीं घंटा मात्र देवळांत पोंचल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळावरील घंटा, भीमाशंकराची घंटा आणि वाईजवळ मेणवलीच्या घाटावरील घंटा या वसईच्या म्हणून प्रसिद्ध आहेत. मेणवलीच्या घंटेवर बाळ येशूला घेतलेल्या मेरीची आकृति आहे, आणि तिच्याखालून पिढ्यान् पिढ्या लोक महादेवाच्या दर्शनास जात आले आहेत. घंटेला काम मिळालें, म्हणून ती वांचली. वस्तूला जोंपर्यंत काम आहे, तोंपर्यंत तिला सहसा मरण नाहीं.

काम संपलें कीं काय होतें, हें पुढील शतकानें दाखवलें. १७८० च्या डिसेंबरांत इंग्रजांच्या जनरल गॉडर्डनें तोफा डागून किल्ला घेतला. सालबाईच्या तहानें तो मराठ्यांकडे परत आला. १८०२ च्या अखेरच्या दिवशीं दुसऱ्या बाजीरावानें येथेंच तो प्रसिद्ध तह केला, ज्यानें मराठी राज्याचें स्वातंत्र्य गहाण पडलें. १८१८ सालीं सर्वच संपलें. त्या सालीं कॅप्टन डिकिन्सन नांवाच्या इंग्रज अधिकाऱ्यानें आपल्या भागांतील किल्ल्यांची पाहणी केली. कोणता गड पुन्हां बंडाला आश्रय देईल, हीच त्या काळच्या सरकारची चिंता होती. सह्याद्रीवरील आणि कोंकणांतील कित्येक किल्ल्यांच्या वाटा, दरवाजे आणि तट यांची त्यानंतर जाणूनबुजून मोडतोड झाली. वसईचा तट या संकटांतूनही उभा राहिला. सपाट किनाऱ्यावरील, मुंबईच्या आरमाराच्या हाकेवरील किल्ला कोणा बंडखोराच्या कामाचा नव्हता, हें त्याचें एक कारण असावें, असें आम्हांस वाटतें. सरकारच्याही तो कामाचा नव्हता. आंतील जमीन उसाच्या लागवडीस दिली गेली. साखरेचा कारखाना निघाला आणि तोही बुडाला. त्याच्या भिंती आज पोर्तुगिजांच्या पडक्या भिंतींच्या शेजारीं उभ्या आहेत.

आतां शेजारच्या मुंबईकडे पाहूं. तेथेंही इंग्रजांचा भक्कम तट होता. १८६० नंतरच्या कांहीं वर्षांत, गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांच्या कारकीर्दींत, तो पाडून टाकण्यांत आला. शहर वाढत होतें, कापसाचा पैसा वाहत होता, जमिनीला सोन्याचा भाव आला होता. आज तेथें 'फोर्ट' एवढें नांव उरलें आहे. ज्यांनीं तें नांव पाडलें, त्या भिंती नाहींत. त्याच दशकांत आमच्या बाजूला आगगाडी आली. परंतु तिचें स्टेशन झालें किल्ल्यापासून बरेंच आंत, नवघर-माणिकपूरकडे. बाजार, वखारी, नवी वस्ती हळूहळू रुळांच्या मागें गेली. किल्ल्यांतल्या जमिनीला भावच राहिला नाहीं. ज्या जमिनीला भाव नाहीं, तिच्यावरची भिंत पाडण्यास कोणी मजूर लावीत नाहीं. तेव्हां नातीच्या प्रश्नाचें दुसरें उत्तर असें: किल्ला पहिल्यांदां गरजेनें वांचला, आणि नंतर उपेक्षेनें वांचला.

हें उत्तर आम्हीं तिला त्याच संध्याकाळीं ओटीवर बसून दिलें, आणि आपण बरें उत्तर दिलें असें आम्हांस वाटलें. परंतु त्याच आठवड्यांत जें घडलें, त्यानें तें उत्तर अपुरें ठरलें.

पावसाळ्यापूर्वीं परसांतील न्हाणीची डागडुजी करावयाची होती. आलेला गवंडी आमचाच जुना विद्यार्थी. आमच्या परसांत विहिरीजवळ धुण्याचा एक थोरला दगड आहे. आमच्या आजीनें त्यावर धुणें आपटलें, आईनें आपटलें, आणि घरांत यंत्र येईपर्यंत आमच्या सौभाग्यवतींनीं आपटलें. पाणी साचतें म्हणून गवंड्यानें पहार घालून तो उलटा केला आणि क्षणभर तो उभाच राहिला. मग म्हणाला, "गुरुजी, हा दगड आपला नाहीं."

दगडाच्या खालच्या अंगाला, शंभर वर्षांच्या मातीखालीं, कोरलेली वेलबुट्टीची एक किनार होती. तिच्या आंत अर्धें फूल आणि तीन-चार रोमन अक्षरें. पुढचीं अक्षरें दगडाबरोबर तुटलेलीं. कोणा पोर्तुगीज गृहस्थाच्या थडग्याचा किंवा दरवाजावरील लेखाचा तो तुकडा असावा. आम्हांस वडिलांचें बोलणें आठवलें. आजोबांनीं १९२३ सालीं हें घर बांधलें, तेव्हां पायासाठीं कोणा गाडीवानाकडून बैलगाडीभर दगड 'बंदराकडून' आणला होता, असें ते सांगत. बंदराकडे खाण नाहीं, हें आमच्या लक्षांत इतक्या वर्षांत कधीं आलें नव्हतें.

नात शेजारींच उभी होती. ती म्हणाली, "आजोबा, मग आपणही पाडलाच ना?"

आमचे आजोबा त्रिकाळ संध्या करणारे गृहस्थ होते. परक्याच्या दमडीला त्यांनीं हात लावला नाहीं. वाटेंत सांपडलेला एक आणा चावडीवर नेऊन दिल्याची त्यांची गोष्ट आमच्या घरांत अजून सांगतात. तरीही तो दगड आमच्या घरांत आला. त्यांना त्यांत चोरी दिसली नसेल. पडलेली भिंत, बेवारशी जागा, परक्यांचा पराभूत किल्ला. गाडीवानानें उचलून आणलें, यांनीं चार पैसे दिले. कोणीं पाडलें असें कोणाच्याच नांवावर लागलें नाहीं. सुरुंगानें जेवढें पाडलें नसेल, तेवढें अशा भल्या माणसांनीं एकेक गाडीनें नेलें असेल, हा विचार त्या दिवशीं प्रथमच आमच्या मनांत आला, आणि तो अद्याप गेलेला नाहीं.

असें केवळ वसईंतच घडलें असें नव्हे. रोम शहरांत कलोझियम नांवाची प्राचीन रंगभूमि आहे. तिचीं चित्रें वाचकांनीं पाहिलीं असतील. कित्येक शतकें रोमच्या लोकांनीं ती दगडाची खाण म्हणूनच वापरली. सरदारांचे वाडे तिच्या दगडांनीं उठले, चर्चेंही उठलीं. अखेर अठराव्या शतकाच्या मध्यास पोप चौदावा बेनेडिक्ट यानें ती जागा ख्रिस्ती हुतात्म्यांची म्हणून पवित्र ठरवली, तेव्हां दगड नेणें थांबलें. जागा कोणाची तरी आहे, एवढें लोकांच्या मनांत ठसावें लागतें. मग पहारेकरी नसला तरी हात आखडतो.

वसईला असें मालकीचें नांव मिळण्यास दोन गोष्टी कारण झाल्या. पहिली म्हणजे लेखणी. मूळचे गोव्याचे आणि मुंबईंत वैद्यकी करणारे डॉ. जर्सन दा कुन्हा यांनीं १८७६ सालीं चौल आणि वसई यांच्या इतिहासावर व पुराणवस्तूंवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांनीं पडक्या चर्चांतून हिंडून शिलालेख वाचले, थडग्यांवरील नांवें टिपलीं. पुढें कांहीं दगड नाहींसे झाले असतील. परंतु टिपलेलें नांव कोणाला गाडींत घालून नेतां आलें नाहीं. दुसरी गोष्ट म्हणजे कायदा. लॉर्ड कर्झन यांच्याविषयीं आपल्या लोकांचें मत चांगलें नाहीं, आणि तें तसें असण्यास कारणेंही आहेत. परंतु जुन्या इमारतींच्या बाबतींत त्यांचें ऋण मान्य केलें पाहिजे. त्यांच्या कारकीर्दींत १९०४ सालीं प्राचीन वास्तूंच्या रक्षणाचा कायदा झाला. स्वातंत्र्यानंतर १९५८ सालीं त्याची जागा नव्या कायद्यानें घेतली, आणि आज वसईचा किल्ला राष्ट्रीय महत्त्वाची वास्तु म्हणून भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याच्या संरक्षणाखालीं आहे. २०१० च्या दुरुस्तीप्रमाणें अशा वास्तूची नासधूस करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊं शकतात. वास्तूच्या हद्दीपासून १०० मीटरांत नवें बांधकाम करतां येत नाहीं; त्यापुढील २०० मीटरांत तें परवानगीनेंच करावें लागतें.

या नियमाचा जाचही कोणाला तरी सोसावा लागतो, हें येथें नमूद केलें पाहिजे. किल्लाबंदर आणि पाचूबंदर येथील कोळी बांधव पिढ्यान् पिढ्या तटाच्या आश्रयानें राहत आले आहेत. शहरांतून येणारा पाहुणा तटाचें कौतुक करून संध्याकाळीं परत जातो; त्या तटापायीं घराच्या डागडुजीसाठीं परवानगीचे कागद गोळा करावे लागतात ते या लोकांना. आपल्या वारशाचा भार एकट्या शेजाऱ्यानें वाहावा, हें न्यायाचें नव्हे. परवानगी सुलभ व्हावी असें जेव्हां ते म्हणतात, तेव्हां त्यांना किल्ल्याचे वैरी समजूं नये.

मात्र तो नियम नसता, तर आज काय झालें असतें याचीही कल्पना करावी. उपेक्षेचें कवच आतां गळून पडलें आहे. २००९ सालीं वसई-विरार महानगरपालिका झाली, २०१४ सालीं पालघर जिल्हा वेगळा झाला. जेथें आमच्या लहानपणीं केळीच्या बागा आणि मिठागरें होतीं, तेथें आज मजल्यांवर मजले चढले आहेत. समुद्रकांठच्या ११० एकरांचा भाव काय होईल, हें आम्हीं सांगावयास नको. ज्या कारणानें मुंबईचा तट गेला, तें कारण दीडशें वर्षांनीं वसईच्या वेशींत येऊन उभें आहे. आज मध्यें आडवा आहे तो फक्त कायद्याचा कागद.

आणि कायद्याचा कागद झाडाला वाचतां येत नाहीं. हें आम्हांस आमच्या त्या गवंडी विद्यार्थ्यानें समजावून दिलें. पक्ष्याच्या विष्ठेंतून पिंपळाचें किंवा उंबराचें बीं भिंतीच्या सांध्यांत पडतें. चुन्यांतील ओल शोधीत मूळ आंत जातें आणि मग वर्षानुवर्षें जाड होत दगडांना बाजूला सारतें. वरचें झाड तोडून कांहीं साधत नाहीं. तें दुप्पट जोमानें फुटतें. मूळच मारावें लागतें आणि पोकळी चुन्यानें भरावी लागते. "सिमेंट नको, गुरुजी," तो म्हणाला. "सिमेंट दगडाहून हट्टी. आंतली ओल बाहेर येऊं देत नाहीं. खाऱ्या हवेचें मीठ आंत फुलतें आणि दगडाचाच पापुद्रा सुटतो. चुना मऊ असतो. तो स्वतः झिजतो, पण दगडाला राखतो." शाळेंत हा मुलगा गणितांत दोनदां नापास झाला होता. त्याचे ते बोल ऐकून, आम्हीं त्याला काय शिकवलें आणि काय शिकवावयाचें राहून गेलें, याचा विचार आम्ही अद्याप करीत आहों.

माणसांचाही एक उपद्रव आहे, तो बहुधा प्रेमाचाच असतो. विवाहापूर्वीं छायाचित्रें काढावयास येणारीं जोडपीं, चित्रपटवाले, सहलीचीं मुलें, या सर्वांना किल्ला आवडतो. आवडतो म्हणूनच त्यांतले कांहीं त्यावर आपलीं नांवें कोरतात. दुसऱ्या बाजूला, गांवांतलीं तरुण मंडळी रविवारीं येऊन कचरा उचलतात, मुलांना वास्तूंची माहिती देतात, आणि मे महिन्यांत विजयाचा उत्सवही साजरा होतो. हा उत्सव पाहून आम्हांस आनंद होतो. मात्र तो योगाचा उत्सव आहे. क्षेमाला ढोल-ताशे नसतात. त्याला रोज उठून करण्याचें काम असतें.

आतां त्या दगडाविषयीं. घरांत त्यावर रीतसर चर्चा झाली. आमच्या सौभाग्यवती प्रथम म्हणाल्या, "चाळीस वर्षें त्यावर माझे हात झिजले. आतां म्हणे तो आपला नाहीं!" चिरंजीवांचें मत फोनवरून आलें कीं, बाबांनीं उगाच नसतें लचांड मागें लावून घेऊं नये, दगड होता तसा पालथा घालावा. हें मत व्यवहाराचें होतें, आणि खोटें कशाला बोलावें, एक रात्र आम्हांसही तें पटलें होतें. परंतु सकाळीं उठून पाहिलें, तर नातीनें नारळाच्या शेंडीनें दगड घासून लख्ख केला होता आणि तीं अर्धीं अक्षरें ती आपल्या वहींत उतरवून घेत होती. दा कुन्हांनीं दीडशें वर्षांपूर्वीं जें केलें, तेंच काम ती परसांत बसून करीत होती. त्यानंतर दगड पालथा घालण्याची भाषा आमच्यानें करवेना. सौभाग्यवतींनींच सांगितलें, "जेथला आहे तेथें जाऊं दे. तोंवर त्यावर कोणी पाय ठेवूं नका."

१९७२ च्या कायद्याप्रमाणें, शंभर वर्षांहून जुन्या इमारतीपासून सुटलेली अशी वस्तु ही पुरावस्तूंतच मोडते. आम्हीं दगडाचें मोजमाप, छायाचित्र आणि तो घरांत कसा आला याची खरी हकीकत लिहून पुरातत्त्व खात्याकडे अर्ज पाठवला आहे. आजोबांचें नांव त्यांत लिहितांना हात क्षणभर अडखळला. परंतु आम्हांस वाटतें, सांपडलेला आणा चावडीवर नेऊन देणाऱ्या माणसाला ही गोष्ट समजली असती, तर त्यांनीं स्वतःच गाडी जुंपली असती.

अर्जाचें पुढें काय होईल तें यथाकाल कळेल. तोंवर आमच्या वाचकांस एक विनंति आहे. आपल्यापैकीं पुष्कळांचीं जुनीं घरें कोणत्या ना कोणत्या किल्ल्याच्या, वाड्याच्या किंवा देवळाच्या जवळ आहेत. पायरीचा, पाट्याखालचा, विहिरीच्या कांठाचा दगड एकदां निरखून पाहावा. नक्षी किंवा अक्षर दिसल्यास त्यावर छिन्नी चालवूं नये, सिमेंट थापूं नये, रंग देऊं नये. तो कोठून आला तें घरांतल्या वडील माणसांना त्यांच्या हयातींतच विचारून लिहून ठेवावें आणि खात्यास कळवावें. आपल्या धर्मशास्त्रानें जीर्णोद्धाराला मोठें पुण्य मानलें आहे. तें पुण्य राजेलोकांसाठींच राखून ठेवलेलें नाहीं.

नातीच्या वहींत शेवटीं काय लिहिलें गेलें, तें सांगून हा लेख पुरा करतों. 'किल्ला कोणीं वांचवला' या प्रश्नाखालीं तिनें आम्हीं सांगितलेलीं उत्तरें ओळीनें लिहिलीं होतीं: गरज, दुर्लक्ष, पुस्तक, कायदा. त्याखालीं पांचवा आंकडा घालून तिनें जागा कोरी ठेवली होती. आम्हीं विचारलें, "हें काय राहिलें?" ती म्हणाली, "अजून वांचवून झाला नाहीं ना, आजोबा, म्हणून."